वर अजून घरमालक नाही

जमिनीवर धड घर मिळेना म्हणून थेट आकाशात घर बांधायला निघालेला माणूस सबंध सुरतेत एकच आहे, आणि तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे, हे मी कापड-मार्केटात भेटेल त्याला छाती पुढे काढून सांगतो. लोक हसतात. हसू देत. ज्यांच्या नात्यात असा एकही माणूस नाही, त्यांची मला मनापासून कीव येते. माझे हे साडू मूळचे धुळ्याकडचे. तरुणपणी पांडेसऱ्याच्या एका गिरणीच्या रंगखात्यात आले आणि हल्ली इच्छापोरच्या एका कारखान्यात ताडपत्र्या चिकटवतात. ट्रकवरची ताडपत्री, शेततळ्याचं अस्तर, आणि वाढदिवसाला पोरं ज्यात उड्या मारतात ते हवेचे रंगीत किल्ले. रबरी कापडाच्या दोन कडा एकमेकींवर ठेवायच्या, गरम हवेचं मशीन फिरवायचं, की सांधा पक्का. या कामापायी साडूंच्या डोक्यात हवा भरली, असं माझी बायको म्हणते. साडूंपर्यंत हे पोचलं तेव्हा ते म्हणाले, "भरली असेल. पण कुठून गळते का, ते दाखवा!"

या माणसाला जगात फक्त सांधे दिसतात. आमच्याकडे आले की आधी उशा दाबून पाहतात. चहाच्या टपरीवर पाण्याचं पाऊच फोडण्याआधी त्याची कड नखाने तपासतात. जेवायला बसले की टम्म फुगलेली पोळी ताटात पडताच हात जोडतात, आणि ती बसली की कुठून फुटली ते शोधत राहतात, तोवर भाजी गार होते. एकदा माझ्या सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला त्यांनी सगळ्या पंगतीसमोर पुरणपोळी उजेडाकडे धरली आणि जाहीर केलं, "हिचा सांधा कच्चा आहे." पोळी माझ्या बायकोने केली होती. पुढची दोन श्राद्धं त्यांना ओसरीत बसवून वाढलं, पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

त्यांचा दुसरा विषय म्हणजे घरमालक. सुरतेत आल्यापासून ते भाड्याच्या खोलीत. अकरा महिन्यांचा करार संपला की टेम्पोत पिंप, गॅसची शेगडी आणि देवांची पेटी घालून निघायचं, असं त्यांचं आयुष्य. एका घरमालकाला खिडकीतली तुळस खुपली, दुसऱ्याला सुक्या बोंबलाचा वास, तिसऱ्याने भिंतीत खिळा मारायला मनाई केली म्हणून साडूंनी वर्षभर कॅलेंडर हातात धरून तिथी पाहिली. अशा माणसाला एके दिवशी मोबाइलवर आकाशातली घरं दिसली. रॉकेटाचं पोट अरुंद, त्यात पक्कं मोठं घर मावत नाही. म्हणून कापडाचं घर घडी करून न्यायचं आणि वर गेल्यावर त्यात हवा भरायची, की खोली तयार. कापड एकपदरी नाही, पदरावर पदर, म्हणजे उडत येणारा खडा आत शिरत नाही. साडू धावत माझ्याकडे आले. "साडूभाऊ, गोधडी शे गोधडी! आपली आजी शिवायची तीच! आणि मुख्य गोष्ट लक्षात घ्या, वर आजून कोन्ही घरमालक नही शे!"

त्यानंतर काही महिने साडू इतके आनंदात होते की ओळखू येत नव्हते. टपरीवर जमलेल्या मंडळींना ते रोज एकदा घडी घालून वर नेत आणि फुगवून परत आणत. मग कोणीतरी त्यांना पुढचा व्हिडिओ दाखवला. खासगी कंपन्या निघाल्या आहेत, पैसेवाले प्रवासी वर जाऊ लागले आहेत, आणि फुगवलेल्या खोल्या कंपन्या चक्क भाड्याने देणार आहेत. साडू दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या दारात उभे राहून गरजले, "आठे बी भाडं, तठे बी भाडं! मग माणसाने जायचं तरी कुठे? मीच बांधतो!"

मी म्हटलं, "साडू, जाणार कसं?"

"जायचं नंतर बघू. घर तर तयार असू द्या. रॉकेटवाल्यांना घराची गरज आहे, मला रॉकेटची नाही."

कारखान्यात उरलेले, मालकाने भंगारात काढलेले तुकडे त्यांनी मागून आणले आणि रविवारमागून रविवार घालवून एक गोल, पांढरं, मधून निळी पट्टी असलेलं घर चिकटवलं. मांडीएवढ्या जाड हवाबंद नळ्यांच्या कमानी, त्यांवर दुपदरी कापड, आणि आत शिरायला एकामागे एक दोन पडदे. पहिला बंद केल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. "अवकाशात असंच असतं," ते सांगत. "आणि आपल्याकडे डासांसाठी बरं."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण गेल्या वर्षीचा श्रावण आला. आम्हा खान्देशी माणसांचा श्रावण म्हणजे कानबाई. नारळाला डोळे, नथ आणि साज चढवून रविवारी घरात देवी बसवायची, गाणी म्हणत जागायचं, सोमवारी सकाळी वाजतगाजत तापीवर न्यायची. त्याआधीच्या वर्षी बायकांच्या फुगड्यांनी खालच्या मजल्यावरचा पंखा हलला होता, म्हणून साडूंना पहिल्यांदाच करार वाढवून देणाऱ्या भेस्तानच्या घरमालक शेठनी साफ सांगितलं, खोलीत कानबाई बसवायची नाही. मी माझा फ्लॅट देऊ केला. माझी मेव्हणी, म्हणजे ताई, ताडकन म्हणाली, "दुसरास्ना घरमा मनी कानबाई?" तिच्या सासरी पिढ्यान् पिढ्या कानबाई कधी चुकली नव्हती, आणि ती आपल्याच घरात बसते. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. साडूंनी ते पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "आपलं घर आहे की."

भेस्तानातच असलेल्या माझ्या इमारतीच्या गच्चीवर घर फुगलं. सोसायटीच्या सेक्रेटरीने विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "मंडप." साडू मागून ओरडले, "मंडप नाही, घर!" गावाकडून आलेल्या ताईच्या जाऊबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या, फुग्यात देव बसवतात का, म्हणून. दोन्ही पडदे शिस्तीत ओलांडून ताईने चौरंग आत नेला, पाण्याने भरलेल्या परातीत समई ठेवली, कानबाई बसवली आणि वर, ठसक्यात, त्याच शेठला प्रसादाचं बोलावणं धाडलं.

शेठ आले. त्यांना वाटलं असेल, तक्रारीला आणखी एक जागा मिळाली. "आ शूं मांड्युं छे?" म्हणत पडद्यांमधून आत शिरले, मऊ जमिनीवर पाय रुतताच मटकन बसले आणि बसल्यावर त्यांचा चेहरा बदलला. भिंतीला टेकून पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि पिढीजात सवयीने भाडं किती येतं ते विचारलं, "आनुं भाडुं केटलुं आवे?"

तेवढ्यात दिवे गेले. आमच्या गल्लीचेच नाहीत, अख्ख्या भेस्तानचे.

आणि पाण्याच्या टाकीमागे घरघरत घरात हवा भरणारा पंखा बंद पडला. या घराला पंखा लागत नाही, अवकाशात पंखा कुठला, असं साडू साऱ्या जगाला सांगत आले होते. तो टाकीमागे लपवलेला होता, हे फक्त मला माहीत होतं. आरतीचं ताट ताईच्या हातात होतं. छत हळूहळू खाली येऊ लागलं. एक जाऊबाई पुटपुटली, "मी सांगितलं नव्हतं?" घर बसलं असतं तर कानबाईसकट बसलं असतं, आणि ताईला पुन्हा गावाकडे तोंड दाखवता आलं नसतं. बाहेरून सेक्रेटरी ओरडला, "बाहेर या सगळे!"

"कोणी यायचं नाही!" साडू आतून गरजले. "दार उघडलं की उरलेली हवा जाईल. ताई, म्हणा!"

स्वतःच्या बायकोला ते पहिल्यांदाच ताई म्हणाले असावेत, घाईत. ताईने गाणं उचललं. छत आणखी खाली आलं; उभे होते ते बसले, बसलेले वाकले, मी जवळजवळ शेठच्या मांडीवर होतो. साडू मात्र गुडघ्यांवर सरकत एकेका कमानीच्या सांध्यावर तळहात ठेवत फिरत होते, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. कानबाईच्या डोक्यावर हातभर अंतर उरलं आणि छत थांबलं. कमानी धरून राहिल्या. एकही सांधा सुटला नाही. समईच्या उजेडात पांढऱ्या भिंती मंद वर-खाली होत होत्या, बायका गात होत्या, आणि बाहेर जाता येत नाही म्हणून शेठ टाळ्या वाजवत होते. आधी नाइलाजाने, मग ताल धरून. दिवे आले तेव्हा तिसरं गाणं चालू होतं, आणि ते पुरं होईपर्यंत कोणी उठलं नाही. निघताना शेठ पडद्याशी थबकले, कानबाईला हात जोडले आणि साडूंकडे न पाहता म्हणाले, "आवता वरसे घरे ज बेसाडजो माताजीने." पुढल्या वर्षी घरीच बसवा.

साडू जिंकले. पंख्याबद्दल मी विचारलं तर म्हणाले, "पंखा बंद होता तेव्हाच तर घर उभं राहिलं!"

यंदा कानबाई शेठच्या त्याच भाड्याच्या खोलीत बसली. रीतसर, पक्क्या छताखाली. ढोल वाजला, फुगड्या झाल्या, पंखा हलला तरी शेठनी हूं की चूं केलं नाही. जाऊबाईंनी कौतुक केलं. सगळं जसं हवं तसं होतं, आणि साडू कोपऱ्यात गप्प बसून होते. पोळीसुद्धा त्यांनी न तपासता खाल्ली, तेव्हा मात्र मला काळजी वाटली. जवळ जाऊन विचारलं, "काय साडू, आता तर पक्कं घर मिळालं."

त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला. "पक्कं शे, साडूभाऊ. पण त्या घरात कोणी एका कोपऱ्यात टेकलं, की सगळ्या घराला कळायचं."

घडी केलेलं ते घर खोलीच्या माळ्यावर, देवांच्या पेटीशेजारी पडलेलं दिसत होतं. ताई चौरंगापुढची वात सारखी करत होती. तिने मान वर केली नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने म्हणाली, "आओ, पुढला साल नवं घर शिवशात तर एक खिडकी ठेवज्यात. वरतून तापी दिसाले पाहिजे."