तीन टक्के मिठाचं साक्षगंध

मी गडचिरोलीत पोलीस भरतीच्या मुलामुलींना शेकडेवारी शिकवतो, आणि ती आपल्याला येते असा माझा बरीच वर्षं समज होता.

समज व्हायला कारणही होतं. माझी एक ट्रिक आहे. (क्लासच्या फ्लेक्सवर माझ्या फोटोखाली ‘ट्रिकवाले सर’ असंच छापलंय. मजकूर मीच दिला होता.) कुठल्याही संख्येचे दहा टक्के हवे असतील तर दशांश चिन्ह एक घर डावीकडे सरकवायचं. वीस टक्के हवे? त्याची दुप्पट. तीस हवे? तिप्पट! कागद नको, पेन नको. मुलं तोंडात बोट घालतात आणि मी खडू झटकत पुढच्या गणिताकडे वळतो.

ही ट्रिक मी वर्गाबाहेर एकदाच वापरली. त्या दिवशी माझ्या बहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता.

बहीण प्रणाली गडचिरोलीत नर्स आहे. मुलगा मंगेश वडसा बाजूचा, घरची धानाची शेती करणारा. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं आणि तेव्हापासून प्रणालीचा फोन एक तर कानाला असायचा, नाहीतर चार्जिंगला. मूलजवळच्या आमच्या गावात, घरापुढे मांडव टाकलेला. मृग तोंडावर आलेला, पण ढगांना अजून निमंत्रण मिळालेलं दिसत नव्हतं. पाहुणे आले, जयभीम झाला, सरबत झालं. आता मुलाचे मामा तेवढे पोचायचे होते, आणि मामांशिवाय अंगठी घालायची नाही असं त्यांच्याकडचं ठरलेलं.

मुलाचे वडील शामरावभाऊ यांनी येताना भेट आणली होती. पोतंभर धानाचं बियाणं! घरचं, स्वतः निवडून राखलेलं. त्यांच्या गावातल्या निम्म्या बांध्यांत म्हणे याच बियाण्याचं धान उभं असतं. ते त्या पोत्यावर हात ठेवूनच खुर्चीत बसले होते. अनोळखी माणसाला वाटलं असतं, साक्षगंध पोत्याचंच आहे.

मामा काही येईनात. गप्पांत ऊन झालं, पाऊस झाला, कोणाच्या गुडघ्याला कोणतं तेल लागू पडलं तेही झालं. मग बाबांनी बियाण्याचा विषय काढला. पेरणीआधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकायचं असतं. पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. भरलेले तळाला बसतात, ते धुऊन पेरायचे. कृषी सहायकाने बाबांना सांगितलं होतं की पाण्यात मीठ तीन टक्के पाहिजे.

“तीन टक्के म्हंजे किती होते रे?” बाबांनी मला सगळ्यांसमोर विचारलं.

आता एखादा शहाणा माणूस म्हणाला असता, उद्या बघू. पण फ्लेक्सवरच्या माणसाला असं म्हणता येत नाही. मी दहा लिटर पाण्याची बादली मांडवाच्या मधोमध आणवली आणि उभा राहिलो. दहाचे दहा टक्के किती? एक. आपल्याला तीन हवेत. मग तिप्पट. तीन किलो! मांडवात कुणी जांभई द्यायला तोंड उघडलं असेल, तर ते मिटायच्या आत माझं उत्तर तयार होतं.

मिठाचे पुडे द्यायला आई तयार होईना. भाजी चुलीवर होती, वरणात मीठ पडायचं होतं. हे विज्ञान आहे, असं मी तिला सांगितलं. आई विज्ञानाला घाबरते. तिने घरातले होते तेवढे तीन पुडे दिले आणि शेजारी मीठ मागायला गेली. मी तिन्ही पुडे बादलीत रिकामे केले, खालचं मीठ दिसेनासं होईपर्यंत ढवळलं (हात भरून आला; तेव्हाच काही शंका यायला हवी होती), आणि शामरावभाऊंच्या पोत्यातलं सूपभर बियाणं पाण्यात सोडलं.

सगळं तरंगलं.

थोडं तरंगलं, असं नाही. सूपच्या सूप वर! तळाला एक खडा गेला, बस्स. पाहुण्यांनी माना पुढे काढल्या. मी काठीने ढोसलं, दाणे खाली गेले आणि मला बघायला पुन्हा वर आले.

इथे मी गप्प राहिलो असतो तरी निभावलं असतं. पण मांडवात शांतता पसरली की मला वर्गात असल्यासारखं वाटतं. मी घसा साफ करून जाहीर केलं की बियाणं पोचट निघालं आहे, साधारण अठ्ठ्याण्णव टक्के. वर शामरावभाऊंना धीर दिला की मनावर घेऊ नका, जुन्या पद्धतीत असं होतं.

शामरावभाऊंनी पोत्यावरचा हात काढला.

“सर,” ते म्हणाले, “माह्या बापापासून हे बियाणं आमच्या घरी हाये. तुमी याले पोचट म्हणून राह्यले?”

त्यांच्याकडच्या बायकांनी पिशव्या जवळ ओढल्या. एक आत्याबाई पुटपुटल्या की आज बियाणं पोचट म्हणतात, उद्या पोरगा पोचट म्हणतील. मंगेश आतल्या दाराकडे बघत होता. दारात प्रणाली नव्या साडीत उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. माझी ट्रिक बहिणीचं लग्न मोडायला निघाली होती.

बाबांनी सारवासारव केली. म्हणाले, थांबा, आमचं बियाणं टाकून पाहू, तेही काही फार भारी नाही. व्याह्यांचा मान राहावा म्हणून ते घरातून आमच्या धानाची परडी घेऊन आले आणि पाण्यात ओतली. तेही तरंगलं! आता दोन्ही घरं पोचट! बाबांचाही चेहरा पडला, कारण मनातून त्यांना ते भारीच वाटत होतं. यंदा हवामानच तसं आहे, असं मी म्हणालो.

तेवढ्यात आईबरोबर मीठ घेऊन आलेली शेजारची काकू गर्दीत वाकून बघायला लागली, आणि तिच्या दुसऱ्या हातातल्या टोपलीतला एक भलामोठा बटाटा घरंगळून बादलीत पडला.

तो बुडाला. मग सावकाश वर आला आणि धानाच्या मधोमध म्हशीसारखा पाठ काढून पडून राहिला.

सगळे बटाट्याकडे बघत होते. बटाटा सोडून सगळे माझ्याकडे बघत होते, असंही म्हणता येईल. मला काहीतरी बोलणं भाग होतं.

“बटाटाही पोचट आहे,” मी म्हणालो.

साक्षगंधाआधी नवरीने बाहेर यायचं नसतं. प्रणाली आली. साडीचा पदर खोचून ती बादलीपाशी बसली, एक बोट बुडवून जिभेला लावलं आणि थू थू करत माझ्याकडे वळली.

“दादा, मीठ किती टाकलं?”

“तीन टक्के.”

“टक्क्यात नको सांगू. किलोत सांग.”

मी सांगितलं. तिने डोळे मिटले. बहुतेक मनात दहापर्यंत मोजलं.

“शंभराला तीन म्हंजे तीन टक्के,” ती म्हणाली. “दहा लिटरले तीनशे ग्राम. तू दहाले तीन टाकले, हे तीस टक्के झालं. आमचं सलाईन एक टक्क्याच्याही खाली असते. हे पाणी पेशंटले लावलं तर त्याचं लोणचं होईन.”

मी अजूनही वाद घालणार होतो. दशांश चिन्ह एक घर... मग माझ्या लक्षात आलं. ते दहा टक्क्यांसाठी. तिप्पट तीस टक्क्यांसाठी. हे मी आदल्याच दिवशी फळ्यावर लिहून, खाली दोन रेघा मारून आलो होतो! काकूच्या मागे लपावंसं वाटलं, पण काकू बटाटा काढण्यात गुंतली होती.

प्रणालीने दुसरी बादली भरली. काकूच्या पुड्यातलं तीनशे ग्राम मीठ स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलं, विरघळवलं आणि शामरावभाऊंपुढे सूप धरलं. म्हणाली, तुमच्या हातानं टाका जी. त्यांनी ओंजळ भरून बियाणं सोडलं. दाणे सरसर तळाला गेले. वर दहा-बारा राहिले, तेवढेच. शामरावभाऊ बराच वेळ वाकून बघत राहिले. मग त्यांनी सुनेच्या डोक्यावर ओला हात ठेवला आणि मला भरून आलं. माझ्याकडे मात्र कुणी बघत नव्हतं, ते बरंच होतं.

मामा आले, अंगठ्या झाल्या. जेवणात भाजी जरा अळणी होती, पण कोणी मीठ मागायचं धाडस केलं नाही. पंगतीत शामरावभाऊ मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसले.

“सर, तुमाले दहावीत गणितात किती टक्के होते जी?”

मी खरं तेच सांगितलं. ब्याण्णव. दिवसभरात निदान एवढी तरी इज्जत शिल्लक राहावी असं वाटलं.

त्यांनी घास संपवला, पाणी प्यायलं, नीट विचार केला.

“बोर्डाच्या पाण्यात मीठ जास्त झालं असन,” ते म्हणाले. “नाईतर तुमी वर कसे आले?”

मी उत्तर मनातल्या मनात तपासून पाहिलं. बरोबर होतं.