भाषण तोडायची सोय

आमच्या ह्यांच्या हाती माईक देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. इथे अमेरिकेत, चँडलरच्या मराठी मंडळात गणपतीला ह्यांनी 'दोन शब्द' बोलायला घेतले, की बायका मोदक परत वाफवायला ठेवतात. मी डोळे वटारून पाहिले, खाकरून पाहिलं, एकदा तर मधेच टाळ्या वाजवायला सुरुवात केली. ह्यांना वाटलं, लोकांना आवडतंय!

म्हणून लेकीनं माओरी मुलाशी लग्न ठरवल्यावर त्याच्या आत्यानं त्यांची रीत समजावली, तेव्हा मी आधी हात जोडले. मुलाचे आईवडील न्यूझीलंडचे, पण ही आत्या इथलीच, आमच्या घरापासून जवळ राहणारी. लग्नाआधी ती आम्हा मुलीकडच्यांचं आपल्या घरी रीतसर स्वागत करणार होती. आधी त्यांच्यातला कुणी बोलणार, मग आमच्यातला कुणी आपल्या भाषेत उत्तर देणार, आणि प्रत्येक भाषणानंतर त्या माणसाच्या लोकांनी उभं राहून गायचं. गाण्याशिवाय भाषण पुरं होत नाही.

"आणि फार लांबवलं," आत्या हसत म्हणाली, "तर बायकांनी सरळ उठून गाणं सुरू करायचं. मग त्याला थांबावंच लागतं."

"आणि तो चिडत नाही?"

"चिडला तरी काय करणार?"

अगंबाई! एवढी वर्षं संसार केला, असली सोय मला कुणी सांगितली नव्हती.

लेकीला मात्र हसू येत नव्हतं. लग्नानंतर ती दोघं न्यूझीलंडला राहायला जाणार होती, कायमची. हे सांगितल्यापासून तिच्या बाबांनी त्या विषयावर चकार शब्द काढला नव्हता. ना हो, ना नको. जगातल्या यच्चयावत विषयांवर बोलणारा माणूस, न्यूझीलंडचं नाव निघालं की उठून गाडी धुवायला जायचा.

"आई, त्यांनी सगळ्यांसमोर 'जाऊ नकोस' म्हटलं ना, तर मी जाऊच शकणार नाही. यू नो दॅट. ते लांबवायला लागले की तू लगेच गा. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," मी म्हटलं. मला काय, माझ्या तर मनातलंच होतं.

गायचं काय, यावरून आठवडाभर भांडणं. मंडळातली चार जोडपी आमच्या बाजूनं येणार होती. नागपूरच्या काकूंना भावगीत हवं, पुण्याच्या काकांना नाट्यगीत, आणि दुसरं कडवं एकालाही येईना. शेवटी सगळ्यांना पाठ असलेली एकच गोष्ट सापडली, आरती.

"ओन्ली वन, ओके?" लेकीनं दम भरला.

"हो गं बाई, एकच."

त्या दिवशी आत्याच्या परसात आम्ही साड्यांत घामाघूम होऊन उभ्या. आत्यानं लांबून स्वागताची हाक घातली. शब्द एकही कळला नाही, पण अंगावर काटा आला. आमची मंडळी चक्क तोंडातून अवाक्षर न काढता चालत गेली. मग मुलाचे वडील बोलले आणि त्यांची माणसं उठून इतकी सुरेल गायली, की नागपूरच्या काकू माझ्या कानात म्हणाल्या, "यांच्यापुढे आपण आरती म्हणायची? कर्म माझं!"

मग हे उठले. सह्याद्रीपासून सुरुवात. तिथून अमेरिका, पहिली नोकरी, एसी नसलेली गाडी. समोरच्यांना मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी बिचारे माना डोलवत होते. नंतर लेकीचा जन्म. तिचं बालवाडीतलं रडणं. पहिलीतली बाई. दुसरीत पडलेला दात. लेक माझ्याकडे बघायला लागली. मी पदर खोचला.

हे सातवीच्या सायन्स फेअरपाशी आले आणि एकदम म्हणाले, "अरे हो, सहावीतलं राहिलंच." आणि मागे गेले.

मी अर्धी उठले होते, ती तशीच खाली बसले. कधी नव्हे तो हा माणूस स्वतःची टिमकी वाजवत नव्हता. सातवीनंतर आठवी येणार, मग कॉलेज, नोकरी, आणि पुढे विमान. भाषण कुठे जाऊन संपणार, ते ह्यांना ठाऊक होतं, म्हणून पाय मागे घेत होते. लेक डोळ्यांनी "आई!" करत होती, आत्यानंही खूण केली. मी मानेनंच नाही म्हटलं. बोलू दे ह्यांना.

आठवी झाली, कॉलेज झालं, नोकरी झाली. "आणि आता ही..." हे म्हणाले, आणि अडकले. पुढे शब्दच येईना. लेकीचा चेहरा पांढराफटक. हे हात लोंबकळत ठेवून उभे.

मी उठले आणि आरतीला सुरुवात केली. आवाज असा फाटला की विचारू नका. पण आमची आठही डोकी धावून आली, टाळ्या सुरू झाल्या. आता आरती म्हणणाऱ्या मराठी माणसाला एकीवर थांबता येतं का? गणपतीची झाली, शंकराची लागली. शंकराची झाली, तर पुण्याच्या काकांनी डोळे मिटून देवीची उचलली. आत्याकडची मंडळी ठेका धरून टाळ्या पिटायला लागली. भाषणापेक्षा आमचं गाणं लांबलं! फक्त प्रसाद वाटायचा बाकी होता.

मग त्यांची भेटायची रीत. कपाळाला कपाळ, नाकाला नाक टेकवायचं आणि एकच श्वास दोघांनी घ्यायचा. मुलाच्या वडलांना हे भेटले, आत्याला भेटले, आणि शेवटी लेक समोर येऊन उभी राहिली. तिनं बाबांच्या कपाळाला कपाळ टेकवलं. दोघंही बराच वेळ हलली नाहीत.

"पोचलीस की फोन कर," हे म्हणाले.

लग्न अजून व्हायचं होतं. तिकीटसुद्धा काढलेलं नव्हतं.