प्रागमधली दुपार

एखादं गाव एका दिवसात कसं बघून संपवावं, हे या भूतलावर फक्त माझ्या मामेसासऱ्यांना कळतं. बाकीचे आपण सगळे नुसते हिंडतो. हे त्यांचंच मत आहे, पण त्यांच्याबरोबर तंजावूर पाहिलेला एकही माणूस ते खोडून काढायला पुन्हा आलेला नाही. मी साताऱ्याहून लग्न होऊन या घरात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला तंजावूर दाखवलं. पहाटे दार ठोठावून म्हणाले, "ऊठ अम्मा, सीक्रम! वेयिल चढलं तर पाय भाजतील." सीक्रम म्हणजे लवकर आणि वेयिल म्हणजे ऊन, हे मला त्या एका वाक्यात जन्माचं कळलं. मोठ्या देवळाच्या दगडी आवारात अनवाणी चालायचं असतं आणि ऊन तापलं की त्या फरशीवर माणसं नाचायला लागतात. म्हणून मामांचा पाहुणा सूर्य उगवायच्या आत देवळात पाहिजे.

मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. उभी हयात कालव्यांच्या दारांवर गेली, त्यामुळे दिवस म्हणजेसुद्धा त्यांना पाळीचं पाणीच वाटतं. आपली वेळ आली की घ्यायचं, नाहीतर ते पुढच्या गावाला गेलं. राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं घर, आणि महाराष्ट्रातून कुणाच्याही ओळखीचं कुणीही आलं की ते मामांच्या तावडीत सापडतं. देवळाच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख ते पाहुण्यांना बोट फिरवून वाचून दाखवतात. देवनागरी त्यांना येत नाही, सगळं पाठ आहे. एकदा पुण्याच्या एका मास्तरांनी भीत भीत सांगितलं की आपलं बोट चार ओळी पुढे गेलंय. मामा म्हणाले, "मग तिथं पोचल्यावर पुन्हा सांगतो," आणि खरोखरच पुन्हा सांगितलं.

पण त्यांच्या शास्त्राचा खरा गाभा म्हणजे दुपार. दुपारी बारानंतर देवळांची नडै बंद होते, म्हणजे गाभाऱ्याचं दार लागतं, ते चारला उघडतं. मामांच्या हिशेबी त्या वेळेत सगळं जगच बंद असतं. घरी यायचं, मामींच्या हातचं सांबार-भात आणि डांगरपच्चडी पोटभर खायची, आणि निजायचं. पाहुण्याला झोप येत नसेल तर त्यानं डोळे मिटून पडावं. कुणी गुपचूप बाजारात सटकू नये म्हणून मामा बाहेरच्या दाराची किल्ली उशाखाली घेऊन झोपतात. डोलणारी बाहुली घ्यायला निघालेल्या एका बाईंना त्यांनी उंबऱ्यावरून परत फिरवलं होतं. "दुपारी घेतलेली वस्तू चांगली निघत नाही" असं कारण दिलं. चारला कॉफी आणि पुन्हा मोहीम सुरू. या सगळ्या मोहिमांत मामी कधीच नसायच्या. कुणीतरी सांबार करायला घरी लागतंच ना.

मग माझ्या नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं जर्मनीत होतो, तेव्हा एका डिसेंबरात मामा-मामी महिनाभर आमच्याकडे आले. येण्याचं कारण मामांनी फोनवर सांगितलं होतं. मामींनी आयुष्यात मागितलेली ही पहिली गोष्ट, की बर्फ पडताना बघायचा. पडलेला नव्हे, पडताना. शाळेत त्यांच्या भूगोलाच्या बाईंनी सांगितलं होतं म्हणे, की बर्फ पडतो तेव्हा आवाज होत नाही. "पाऊस पत्र्यावर केवढी बोंब मारतो," मामी मला म्हणाल्या, "आणि हें अस्कं, इतकं सगळं, वरून पडतं आणि गप? मज तें ऐकायचं आहे." साठी उलटलेल्या बाईनं हे सांगताना पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. मला त्यांची इतकी माया वाटली की मी मनातल्या मनात आभाळाला हात जोडले.

आभाळानं काही ऐकलं नाही. महिनाभर नुसती रिपरिप. परत जायला दोन दिवस उरले तेव्हा प्रागमध्ये बर्फाचा अंदाज होता, आणि मामींसाठी म्हणून मामांनी प्राग ठरवलं. आदल्या रात्री पोचायचं, दुसऱ्या रात्री परतायचं, मधला एक दिवस. नवऱ्याला सुटी नव्हती, म्हणून आम्ही तिघंच गेलो. "दुपारी बर्फ पडेल असं दाखवतायत," मी मामांना बजावलं. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "दुपारी काय पडणार, अम्मा? पडलं तर सकाळी, नाहीतर चारनंतर."

तर त्या दिवशी, अख्खं प्राग गोधडीत असताना, मामांनी आम्हाला उठवलं. "सीक्रम! वेयिल चढायच्या आत!" बाहेर पाणी गोठेल अशी थंडी होती. त्या प्रसिद्ध पुलावर आम्ही पोचलो तेव्हा तिथे आम्ही, रस्ता झाडणारा एक माणूस आणि अंधार एवढेच होतो. मामांनी अंधाराकडे बोट करून पुलावरचे पुतळे दाखवले. टेकडीवरच्या मोठ्या चर्चला गेलो तर दार बंद. "देवाला अजून उठवलं नाही?" मामा चिडले. दार उघडलं तेव्हा त्यांनी सवयीनं बूट काढले, मोजे काढले आणि त्या फरशीवर पाऊल टाकलं मात्र, तंजावूरच्या उन्हात नाचतात तसेच नाचले. रखवालदार धावत आला. मामी तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की त्यांना बाकावर बसवावं लागलं. चौकातलं जुनं घड्याळ पाहिलं, त्यातले बाहुले पाहिले. मामांनी सगळं समजावून सांगितलं, आणि त्यातलं बरंचसं खरं असावं. मामी मात्र मधूनमधून वर आभाळाकडे बघत होत्या. आभाळ ताकासारखं पांढुरकं, पण पडत काही नव्हतं.

साडेअकराला मामांनी मोहीम आवरली. मी विनवण्या केल्या. इथे चार वाजता अंधार पडतो, उजेड आहे तो आत्ताच आहे, असं सांगितलं. "नडै बंद," मामा म्हणाले. खोलीवर आलो, डब्यातला दहीभात खाल्ला. मामांनी खोलीची किल्ली उशाखाली सरकवली, कानटोपी डोळ्यांवर ओढली आणि घोरायला लागले.

थोड्या वेळानं मामींनी मला हळूच कोपर लावलं. खिडकीबाहेर बर्फ पडत होता. आधी एखादुसरा तुकडा, मग इतका की समोरचं घर दिसेना. खाली रस्त्यावर लोक थांबून वर बघत होते. "चला, खाली जाऊ," म्हणत मी मामांच्या उशाकडे हात नेला. मामींनी तो धरला.

"नको. उठले की दाखवतील."

हे त्या रागानं बोलल्या नाहीत. नवऱ्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत बोलल्या. मग त्यांनी खिडकी बोटभर उघडली आणि कान लावला. मी त्यांचा चेहरा बघत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी फट वाढवून हात बाहेर काढला. बर्फाची एक पाकळी बांगडीवर पडली, आणि त्या हसल्या. साडेतीनच्या सुमारास बर्फ थांबला, पाऊस लागला.

चारला मामा उठले, कोट चढवला, "चला!" म्हणाले. खाली उतरलो तर दिवे लागलेले, आभाळ काळं आणि रस्त्यावर राखाडी चिखल. मामा त्या चिखलाकडे बघत उभे राहिले.

"पडलं?"

"पडलं," मामी म्हणाल्या.

"मज उठवलं काय म्हणून नाहीस?"

"छान निजला होतात."

त्या संध्याकाळी मामांनी आम्हाला काहीही दाखवलं नाही. बाजार लागला होता, दिव्यांच्या माळा होत्या, कुणीतरी गात होतं. ते मागून गपचूप चालत होते. मामी एका दुकानाशी थांबल्या तेव्हा ते माझ्याजवळ आले. "मज बर्फ बघायचं नव्हतं, अम्मा," म्हणाले. "तिला तें बघताना बघायचं होतं. इतकी वर्षं लोकांना गाव दाखवलं. हिला म्हणून कांही दाखवायचं होतं, तर झोपलों." इतकं मोठं वाक्य ते इतक्या हळू आवाजात बोललेले मी कधी ऐकलं नव्हतं. मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

आता आम्हीही तंजावूरला परतलो आहोत, शेजारच्याच गल्लीत राहतो. मामांचे पाहुणे अजून येतात, जेवताना प्रागची गोष्ट निघतेच. पहिल्या वर्षी मामी सांगायच्या, "मी पाहिलं, हे निजले होते," आणि पाहुणे हसायचे, मामाही हसायचे आणि पानातला भात उगाच चिवडत बसायचे. मामींनी ते पाहिलं असावं. पुढे कधीतरी त्या म्हणाल्या, "हे जागे झाले, काय ग म्हणाले." आणखी काही महिन्यांनी, "हे उठून माझ्याजवळ आले." मामींची स्मृती तल्लख आहे, त्यांना शेजारणीच्या मुलाच्या मुंजीतला मेनू आठवतो. त्या हे सांगत असताना मी समोर असले तर माझ्याकडे एकदा बघतात आणि पुन्हा भात वाढायला लागतात. मी सांबाराचं भांडं पुढे सरकवते. मामा सुरुवातीला नुसते ऐकत. मग हळूहळू मान डोलवायला लागले.

परवा पोंगलच्या सुमारास कोल्हापूरचं एक जोडपं जेवायला होतं. त्यांनी विचारलं, आणि या वेळी मामांनीच गोष्ट सांगितली. दोघंही खिडकीशी उभे होतो, हिनं हात बाहेर काढला, बांगडीवर एक पाकळी पडली. हे सगळं मामींनी त्यांना सांगितलेलंच होतं. मग मामा म्हणाले, "आणि ही हसली. आधी डोळे हसले, ओठ मागाहून. लहान पोर कांही लपवतं ना, तशी मान खाली घातली, आणि मग मजकडे पाहिलं."

हे मामींनी त्यांना सांगितलेलं असणं शक्य नाही, आपला चेहरा आपल्याला कुठे दिसतो? आणि माझ्याकडून तर एक शब्द गेलेला नाही. पण त्या दिवशी मी तिथे होते. त्या अगदी तशाच हसल्या होत्या, तशीच मान खाली घातली होती, आणि मग मामा घोरत होते त्या पलंगाकडे पाहिलं होतं.