भिंतीवर न मावलेले शब्द

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. घरात विषय निघाला की मी चप्पल घालून बाहेर पडायचो. बायकांच्या सभेत कोणी विचारायचं, "नाना, तुम्ही पुरुषमाणूस या कामात कसे?" मी सांगायचो, भिंती रंगवायला माणूस हवा होता म्हणून आलो. ते खरं होतं, पण अर्धंच.

मी भिवंडीत पेंटरचं काम केलं. निजामपुऱ्यातल्या दुकानांच्या पाट्या, दापोड्यातल्या गोडाऊनचे नंबर, ट्रकच्या पाठी. उर्दू मला वाचता येत नाही, पण कागदावर लिहून दिलं की जसंच्या तसं काढायचो आणि लोक म्हणायचे, हात सुंदर आहे. आमच्या धंद्यात मजकूर समजला नाही तरी चालायचं, तो बसला पाहिजे. जागा कमी पडली तर अक्षर बारीक करायचं नाही, लांबून दिसत नाही. शब्द गाळायचा.

मुली वाचवण्याच्या प्रचाराच्या भिंती मला एका ठेकेदाराकडून मिळाल्या. मजकूर होता, 'गर्भलिंग तपासून मुलीचा गर्भ पाडणे गुन्हा आहे.' पहिलीच भिंत लूमच्या कारखान्याची निघाली, मधोमध खिडकी. एवढं सगळं बसेना. मी सुरुवातीचे तीन शब्द गाळले. खिडकीच्या एका बाजूला 'गर्भ पाडणे', दुसऱ्या बाजूला 'गुन्हा आहे'. फार छान बसलं. ठेकेदाराने रस्त्यापलीकडून बघितलं आणि म्हणाला, "हेच ठेव सगळीकडे." मग ज्या भिंतींवर पूर्ण ओळ सहज मावली असती, तिथेही मी तेवढंच लिहिलं. शिकलेली माणसं त्या भिंतींसमोरून रोज जात होती. एकानेही म्हटलं नाही की हे चुकलंय. मलाही वाटलं नाही. अर्थ एकच, असं मी धरून चाललो होतो.

माझ्या पुतण्याची बायको शेजारच्याच घरात राहायची. आतल्या गावातून आलेली, सातवी शिकलेली, गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाणारी. पुतण्या टेम्पो चालवायचा. धाकटं पोर अजून अंगावर पीत होतं तेव्हा तिला पुन्हा दिवस राहिले. एका सकाळी मी ब्रश रॉकेलमध्ये धूत होतो, तेव्हा ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"नाना, तुमी भिंतीव लिवलाय ता खरा हाय का?"

"काय लिहिलंय?"

"पाडला तं गुन्हा. पोलीस धरून नेतान?"

मला कायद्यातलं काहीच माहीत नव्हतं. पण विचारायला ती माझ्याकडे आली होती आणि भिंतीवरचं अक्षर माझं होतं. मी म्हणालो, "सरकारने लिहून घेतलंय. खोटं कसं असेल?"

"मुलगा का मुलगी, ता काय बगाचा न्हाय मना. निस्ता नको हाय. तरी गुन्हा?"

"लिहिलंय तसंच आहे."

ती बरं म्हणून घरी गेली. सरकारी दवाखान्यात गेलीच नाही. कोणाकडून तरी गोळ्या आणल्या, घरात कोणाला न सांगता घेतल्या, आणि रक्त थांबेना तेव्हा आम्ही तिला रिक्षात घालून नेलं. तिचा जीव वाचला. पिशवी काढावी लागली. ती पुन्हा पॅकिंगला उभी राहू शकली नाही.

त्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई पुतण्यावर चिडल्या. "आधीच इकडे का नाही आणलं? आम्हीच करून दिलं असतं, नीट."

पुतण्या म्हणाला, "पण तो गुन्हा ना मॅडम? भिंतीव लिवलाय."

"कोणत्या मूर्खाने लिहिलंय? मुलगी आहे म्हणून पाडणं गुन्हा. एरवी कायद्यात बसतं."

मी तिथेच, बाकावर होतो. पुतण्याने माझ्याकडे बघितलं नाही. लिहिणारा मी, हे त्याला माहीत होतं. डॉक्टरीणबाईंचं ते बोलणं त्याने घरी सांगितलं नाही, मीही नाही.

आमच्या गल्लीतल्या भिंतीवर मी स्वतःच चुना मारला. बाकीच्या तशाच राहिल्या. का पुसतोस म्हणून कोणी विचारलं तर काय सांगायचं, हा प्रश्न होता.

काही वर्षांनी एक वकीलबाई आणि दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर लूमच्या गल्ल्यांत बायकांच्या सभा घ्यायला लागल्या. गर्भपाताचा हक्क, दवाखान्यात काय विचारायचं, काय ऐकून घ्यायचं नाही. त्यांना भिंती रंगवून हव्या होत्या. मी पैसे नको म्हणालो, तर त्यांनी मला मोठ्या मनाचा ठरवलं. भिंती मात्र मी निवडल्या. सगळ्या जुन्याच.

नवा मजकूर होता, 'गर्भपात कायद्याने करता येतो. सरकारी दवाखान्यात विचारा. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही.' या वेळी एकही शब्द गाळला नाही. चहाच्या टपरीवरून आवाज आला, "नाना, नवऱ्याची सही पुसलीस? उद्या रेशनकार्डावरून नाव पण पुसशील." सगळे हसले. लूमवरचा एक भैया मात्र जवळ आला. "चाचा, सच में? मेरी वाली को तो सही के लिए वापस भेज दिया था."

"माँगते हैं. कानून में नहीं है," मी म्हणालो. त्याने ती ओळ पुन्हा वाचली.

त्याच भिंतीपाशी पुतणसून आली. बाजारातून येत होती. तिने सगळं हळूहळू वाचलं.

"म्हंजे आथा गुन्हा न्हाय?"

"नाही."

"मंग तवा व्हता ना?"

माझ्या हातात ब्रश होता. मी म्हणालो, "कायदा बदलला."

"बरा झाला," ती म्हणाली. "पोरींचा तरी निभल."

तेव्हापासून ती सभांना यायला लागली. तिच्यासारखं कोणी बोलत नसे. स्वतःची हकीकत सांगायची आणि शेवटी म्हणायची, माझ्या टायमाला कायदा नव्हता, तुमच्या टायमाला आहे, घाबरू नका. मी मागे सतरंजीवर बसून ते ऐकायचो. माझं खोटं तिच्या तोंडून बायका ऐकत होत्या आणि माना हलवत होत्या.

एका सभेत वकीलबाईंनी तिला मायेने थांबवलं. "ताई, कायदा तेव्हाही होता. तुमच्या जन्माच्या आधीपासून आहे."

मग तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. हिशेब चुकला की माणूस पुन्हा पहिल्यापासून बघतो, तसं. नंतर बायकांकडे वळून म्हणाली, "म्हंजे मना कुनी नीट सांगितला न्हाय. तुमी इचारून घ्या. दोन ठिकानी इचारा." आणि खाली बसली.

माझं नाव तिने घेतलं नाही.

परतताना आम्ही एकाच रिक्षात होतो. उतरताना ती म्हणाली, "नाना, पाय जपून. गटार उघडा हाय." मी म्हणालो, "त्या वेळी मी तुला..." रिक्षावाला सुटे मागत होता. "काय?" तिने विचारलं. "काही नाही. तू हो पुढे," मी म्हणालो.

ती अजून शेजारीच राहते. रोज दिसते, मी जेवलो का म्हणून विचारते. मी हो म्हणतो. जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे: तू विचारलंस तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं, आणि मी माहीत असल्यासारखं उत्तर दिलं. माहीत झाल्यावर तुझ्याशी खोटं बोललो. माझं चुकलं, पोरी. मला माफ कर.