नानांची कुंडी बघायची झोप

नाना जागेपणी कुंडी निवडत नसत. एखाद्या बॉन्सायला कुठली कुंडी द्यायची हे ठरवायचं झालं, की ते झाड उचलून गच्चीवरच्या हिरव्या जाळीखाली आणत, शेजारी एक रिकामी कुंडी ठेवत, समोर चटई टाकत आणि कुशीवर वळून चक्क झोपून जात. तासाभराने उठले, की डोळे चोळत म्हणत, "न्हाई. ह्यात न्हाई दिसलं." मग दुसऱ्या दिवशी दुसरी कुंडी. झोपेत झाड ज्या कुंडीत उभं असलेलं दिसेल, ती त्याची. लोक मुहूर्त काढताना पंचांग बघतात, तितक्याच गंभीरपणे त्यांचं हे चालायचं.

मी त्यांची भाडेकरू. तळवड्याला आयटी पार्कमध्ये नोकरी लागली तेव्हा लातूरहून आले आणि नानांच्या घरातली वरची खोली घेतली. दार उघडलं की गच्ची, आणि गच्चीभर झाडं. गुडघ्याएवढा वड, वीतभर चिंच, अंग चोरून उभा असलेला एक पिंपळ. आल्या आल्या पहिल्याच रविवारी एक म्हातारा माणूस भर दुपारी झाडासमोर आडवा पडलेला पाहून मला वाटलं, चक्कर येऊन पडलाय. मी धावत खाली गेले. नानांच्या बायकोला सगळे काकी म्हणायचे. काकी शांतपणे भाकरी थापत होत्या. "काय न्हाई गं," त्या म्हणाल्या, "कुंडी बघत्यात ते."

ही झोप नानांना कंपनीने लावली होती. पिंपरीतल्या गाड्यांच्या एका कंपनीत, पेंट शॉपमध्ये, त्यांची उभी हयात गेली. शिफ्ट सारख्या बदलायच्या. थर्ड शिफ्ट करून आलेला माणूस दिवसा झोपतो ती झोप पुरती नसते, असं ते सांगत. गल्लीतला भाजीवाला ऐकू येत असतो, कुकरची शिट्टी ऐकू येत असते, आणि तरी डोळ्यांपुढे भलतंच काहीतरी चाललेलं असतं. "निम्मं हितं, निम्मं तिकडं," नाना म्हणायचे. "तिथनं सगळं ब्येस दिसतं." सुट्टीच्या दिवशी मीही एकदोनदा त्यांच्या शेजारी पडून पाहिलं. जाळीतून झिरपणारं हिरवं ऊन, लांबून कंपनीच्या बसचा आवाज, पानांची हालती सावली. मला कुंडी काही दिसली नाही, पण इतकी गोड झोप मला शहरात आल्यापासून लागली नव्हती.

एका दिवाळीला मी त्यांना कुंडी भेट दिली. निळी, झिलई दिलेली, दुकानात सगळ्यांत उठून दिसणारी. नानांनी ती उन्हात फिरवून पाहिली आणि म्हणाले, "ह्यो गाडीचा रंग हाय पोरी, झाडाचा न्हाई." मी हिरमुसले. ते त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण पुढचे कितीतरी दिवस एकेक झाड त्या कुंडीशेजारी आणून ते झोपत राहिले. शेवटी एका दुपारी जिन्यातूनच ओरडले, "दिसली गं! बोगनवेल दिसली तुझ्या कुंडीत!" माझ्या भिडेखातर त्यांच्या झोपेनेही थोडा पक्षपात केला असणार, हा माझा संशय अजून गेलेला नाही.

कुंडीबद्दल त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. "कुंडी म्हंजे चप्पल. पावणा आला तर आधी तोंड बघतो ना आपण? आधी चप्पल दिसली, म्हंजे कायतरी चुकलं." जाड खोडाला खोल कुंडी, नाजूक झाडाला उथळ, हे नियम त्यांना माहीत होतेच, मला शिकवलेही त्यांनीच. पण नियमात बसलेली कुंडीसुद्धा झोपेत दिसेपर्यंत मातीविना पडून असायची. गच्चीच्या कठड्याखाली अशा रिकाम्या कुंड्यांची रांगच होती, आणि काकी तिच्यावरून त्यांना घालूनपाडून बोलायच्या.

काकींचं स्वतःचं असं एकच झाड होतं, उंबराचं. न्हाणीघराच्या पाइपाजवळ भिंतीच्या चिरेतून ते उगवलं होतं. ठेवावं तर भिंत फुटणार, आणि उंबर तोडायचा कसा, तो तर दत्ताचा. काकींनी नानांना हात जोडून ते मुळासकट अलगद काढायला लावलं आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलं. दर गुरुवारी त्या डब्यापुढे उदबत्ती लागायची. नानांनी कौतुकाने त्याला वळण दिलं, फांद्या छाटल्या, बघता बघता त्याचं देखणं बॉन्साय झालं. कुंडी मात्र मिळेना.

"अवं, माझ्या उंबराला बी एखादी द्या की," काकी म्हणायच्या.

"झोपंत येऊ दे तर."

"तुमच्या झोपंत माझं झाड बरं यायचं न्हाई. बाकीची येत्यात!"

नाना हसायचे. इतर झाडांना कुठलीही चालून जाईल, हिच्या झाडाला नेमकीच हवी, असं ते मला एकटीला सांगायचे. काकींना मात्र त्यांनी ते कधी सांगितलं नाही.

त्या थंडीत काकींना ताप आला, छातीत कफ झाला आणि आठवड्याच्या आत त्या गेल्या. घरात माणसांची वर्दळ झाली, ओसरली, आणि नानांची दुपारची झोप उडाली. चटई टाकून ते पडायचे, पण डोळे टक्क उघडे. इकडे उंबर डब्यात पार कोंडला होता. मुळांनी डबा इतका भरला होता, की घातलेलं पाणी मुरेना, वरच साचून राही. फुटवे काळे पडायला लागले. नवी पालवी यायच्या आत झाड हलवलं नाही तर ते हातचं जाणार, हे मला दिसत होतं तर त्यांना दिसत नसेल का?

"नाना, द्या ना कुठलीतरी," मी काकुळतीला येऊन म्हटलं.

"कुठलीतरी द्यायची तर तवाच दिली असती की," ते म्हणाले. "ती असताना."

मी खोलीत जाऊन रडले.

होळी उलटल्यावर एका शनिवारी आभाळ भरून आलं होतं, वारा पडला होता. मी उंबराचा डबा जाळीखाली आणला. शेजारी रांगेतली एक लांबट, मातकट, बिनझिलईची कुंडी मांडली, चटई टाकली आणि नानांना हाताला धरून वर आणलं. ते माझं मन राखायला आडवे झाले. मी लॅपटॉप घेऊन कठड्याशी बसले. बऱ्याच वेळाने पाहिलं तर त्यांचा श्वास लांबला होता. मी टाइप करायची थांबले.

उठले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. ते उठून बसले आणि समोर बघत राहिले.

"दिसलं का नाना?"

"ती दिसली," ते म्हणाले. "हितंच बसली व्हती, झाडापाशी. पानं पुशीत व्हती पदरानं. लय येळ बसली." मग माझ्याकडे वळले, चूक झालेल्या माणसासारखे. "कुंडी बघायची ऱ्हाऊनच गेली गं."

मी त्यांचा हात धरला. मग तेच म्हणाले, "तू मांडलीयस ती असू दे." आम्ही डबा कापला. मुळं चौकोनी झाली होती. नानांनी ती बोटांनी हळूहळू मोकळी केली, छाटली, आणि अंधार पडायच्या आत उंबर कुंडीत बसला. कुंडी अंमळ मोठीच झाली. नाना म्हणाले, "वाढंल की."

उंबर जगला. मी आता ताथवड्याला राहते, अधूनमधून नानांकडे जाते. परवा गेले तेव्हा गच्चीवरच्या प्रत्येक झाडाला आपापली कुंडी होती, कठड्याखाली एकही रिकामी नव्हती. जेवण झालं आणि नाना चटई काखेत मारून जिना चढायला लागले.

"आता कुणाची कुंडी बघायची राहिलीय?" मी खालून चेष्टेत विचारलं.

"कुनाचीच न्हाई," नाना म्हणाले, आणि लगबगीने वर गेले.