गणपूर्तीअभावी मंजूर

शेतीच्या त्या वाईट वर्षांत वऱ्हाडात कापसाचा भाव पडला, विहिरी आटल्या, पण मंडळे आणि आयोग यांचे पीक एकदाही बुडाले नाही. दिल्लीचे पथक पाहणी करून गेले की मुंबईत एखादे मंडळ जन्माला येई. मी तेव्हा अमरावतीला एका दैनिकाचा वार्ताहर होतो. या मंडळांवर माणसे कशी नेमली जातात, हे पाहणे माझ्या कामात मोडत होते.

कायद्यात ते सोपे होते. काही सदस्य विधिमंडळाने आपल्यातून निवडायचे. उरलेले, त्या विषयाचे ज्ञान आणि अनुभव असलेले, शासनाने नेमायचे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मी पत्रकार कक्षातून ही निवड पाहिली आहे. मंत्र्यांनी प्रस्ताव वाचला, अध्यक्षांनी तो मताला टाकला. मागच्या बाकावरचे एक सदस्य शेजाऱ्याला मोबाइलमध्ये काहीतरी दाखवत होते; त्यांनी मान वर न करता 'होय' म्हटले. निवड बिनविरोध झाली, कारण नावे पक्षांनी आधीच वाटून घेतली होती. ज्ञान आणि अनुभव असलेल्यांची यादी आमदार निवासाच्या एका खोलीत हुरडा खाता खाता ठरली. त्या खोलीत बसलेल्यांनीच मला हे मोठ्या अभिमानाने सांगितले.

ज्यांना निवडणुकीत तिकीट मिळाले नव्हते, त्यांची सोय या यादीत लागे. वर्तमानपत्रात आम्ही त्याला पुनर्वसन म्हणत असू. हा शब्द धरणग्रस्तांसाठीही वापरत. नेत्यांचे पुनर्वसन लवकर होई.

यांतल्या एका मंडळाकडे विभागातल्या छोट्या कामांचा निधी होता : रस्ते, पूल, दवाखान्याच्या खोल्या. त्यावर मेळघाटसाठी एक जागा होती. धारणीच्या पलीकडच्या एका गावच्या माजी सरपंच बाईंना त्यांच्या आमदाराने ती कबूल केली होती. बाई कोरकू आदिवासी होत्या, बोलायला फटकळ. त्यांच्या गावासमोर नाला होता. पावसाळ्यात रेशनचा ट्रक अलीकडच्या काठावर थांबे आणि गाव कमरेइतक्या पाण्यातून पोती डोक्यावर वाहून नेई. बाळंतीण अडली तर खाटेवर घालून तिलाही असेच आणत. बाईंना सदस्यपदाचे काही नव्हते. त्यांना त्या नाल्यावर पूल हवा होता.

यादी आली. मेळघाटच्या जागेवर अकोल्याच्या जठारपेठेतले एक भाऊ होते. भाऊंचा मेळघाटशी संबंध काय, असे मी त्यांच्या कार्यकर्त्याला विचारले.

"काहून? भाऊ दरसाल चिखलदऱ्याले हवा खायले जाते ना!" तो म्हणाला. "फॅमिलीसकट."

तो चेष्टा करत नव्हता.

मंडळाची पहिली सभा अमरावतीला मार्च संपता संपता होती. बाईंच्या पुलाचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर होता. त्या दिवशी मंजुरी मिळाली नाही, तर निधी परत जाणार होता आणि आणखी एक पावसाळा पोती डोक्यावर येणार होती. बाई पहाटेच्या जीपने निघून सभागृहाच्या दाराशी येऊन बसल्या. सदस्य नसल्यामुळे त्यांना आत खुर्ची नव्हती. मग मंडळाच्या सचिवांनीच शिपायाला सांगून भिंतीला लागून एक स्टूल ठेवायला लावले.

सभेची वेळ झाली तेव्हा टेबलाभोवती तिघे होते; मी बातमीसाठी मागे बसलो होतो. एक सचिव, म्हणजे मंडळाचा कारभार पाहणारे सरकारी अधिकारी. दुसरे एक निवृत्त अभियंते. तिसरे मोर्शीचे संत्र्याचे व्यापारी, वयस्क मुसलमान गृहस्थ. त्यांना यादीत कोणी आणि का घातले, हे त्यांनाही माहीत नव्हते. गणपूर्तीला पाच जण लागत होते.

सचिवांनी फोन लावला. पलीकडून बँडचा आवाज आला. जठारपेठेत भाऊंचा सत्कार चालू होता आणि आमदार धरून मंडळाचे उरलेले सगळे सदस्य व्यासपीठावर होते. नेमणूक झाली की सत्कार, ही आमच्याकडची रीत. शाल, श्रीफळ, चौकातले फलक, आपल्याच पैशांनी घेतलेले भले मोठे हार. ज्या कामासाठी नेमणूक, त्या कामाच्याच दिवशी नेमणुकीचा सत्कार ठेवण्याची बुद्धी मात्र मी त्याआधी पाहिली नव्हती. नंतर कळले की सभेची तारीख भाऊंना माहीत होती. अकोल्याबाहेरचे सदस्य त्या दिवशी अमरावतीला येणारच आहेत, तर तसेच अकोल्याला न्यावेत, म्हणजे व्यासपीठ भरेल, असा तो हिशेब होता.

"मीटिंग पुढं ढकला ना साहेब," भाऊ ओरडून बोलत असल्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू येत होते. "इथं लोकाईचं प्रेम हाये. उठून येता येत नाई."

"गणपूर्ती नाही. तहकूबच करतो," सचिव म्हणाले आणि फोन ठेवला.

बाई उठल्या. "झालं? जाऊ मी?"

"चहा घ्या," सचिव म्हणाले. "तहकूब सभा अर्ध्या तासानं याच जागी भरते. नियमात आहे. तिला गणपूर्ती लागत नाही."

व्यापारी हसले. "क्या बात है! म्हंजे ते जितके कमी येतीन तितकं बरं!"

"चाचा, हळू बोला," अभियंते म्हणाले. "ते आयकतीन आन येतीन."

अकोल्याहून दोन तासांच्या आत कोणी पोचणार नव्हते. तरी अर्धा तास बाईंची नजर दारावर होती. चहा त्यांनी घेतला नाही. मग सभा पुन्हा भरली. अभियंत्यांनी व्यापाऱ्यांचे नाव त्या सभेच्या अध्यक्षपदासाठी सुचवले, सचिवांनी विषय वाचले आणि पूल मंजूर झाला. त्या मंडळाच्या सगळ्या कारकिर्दीत मला माहीत असलेला उपयोगाचा ठराव हा एकच, आणि तो सदस्य आले नाहीत म्हणून झाला. दुसऱ्या दिवशी आमच्या अंकात सत्काराला चार कॉलम आणि छायाचित्र होते. पुलाची बातमी बाजारभावाखाली गेली.

भूमिपूजनाला भाऊ गाड्यांचा ताफा घेऊन आले. नाल्याच्या काठावर उतरून त्यांनी कार्यकर्त्याला गावाचे नाव विचारले. कोनशिलेवर सत्काराच्या व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावे होती. व्यापाऱ्यांचे आणि अभियंत्यांचे नव्हते. पुढच्या यादीतूनही ते दोघे गळाले.

भाषणात भाऊ म्हणाले, हा पूल आपण सभेत भांडून आणला. बाई ओवाळणीचे ताट घेऊन पुढेच उभ्या होत्या.

"काहून भाऊ," त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "मी होतो ना तिथं. तुमची तं खुर्ची खाली होती."

लोक हसले. भाऊही हसले, असल्या माणसांना त्याचा सराव असतो. "बाई, शरीरानं नव्हतो. मनानं तिथंच होतो!"

कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी त्या थांबू दिल्या आणि मग भाऊंच्या कपाळाला कुंकू लावले.

"मंग भाऊ, दर बारीले मनानंच येत जा," त्या म्हणाल्या. "आजूक एक नाला हाये आमचा."