जांभळीच्या मांडवातला फेर

जांभळीचा ओला पाला उन्हात सुकायला लागला की तुरट वास सुटतो. परवा खोडाळ्यात भाचीच्या लग्नाच्या मांडवात तो आला आणि मला माझा दहावीचा निकाल आठवला.

तेव्हाही असाच मांडव होता, चुलतभावाच्या लग्नाचा. मला चौऱ्याहत्तर टक्के पडले होते आणि मी शाळेत पहिली होते. बायकांनी मला नाचाच्या फेरात ओढलं. दोन्ही बाजूंनी कमरेत हात, सगळ्यांचे पाय एकत्र. अशा फेरातून मधेच सुटता येत नाही. बाबा पाहुण्यांना सांगत होते, "पोर शाळेत पयली आली. आता नाशिकचं कॉलेज हिला नको म्हनंल काय?"

त्या कॉलेजनं आदल्या वर्षी सायन्सला नव्वद टक्क्यांच्या खाली कुणालाच घेतलं नव्हतं. मी सकाळीच भावाच्या मोबाईलवर पाहिलं होतं. मी हसत होते, आणि सोडत का नाहीत म्हणून मला त्या बायकांचा राग येत होता.

परवा शेजारची पोरगी मांडवात भेटली. अठ्ठ्याहत्तर टक्के, शाळेत पहिली. हळूच म्हणाली, "ताई, नाशिकला किती लागतात गं?"

तेवढ्यात फेर आमच्यापाशी आला. मी तिच्या कमरेत हात घातला.